हात अधू आहे, गेलेला नाही

रविवारी आमच्या गोडादऱ्याच्या घरी मी एका शब्दावरून पाहुण्याचा चहा अडवला... हो, अडवला! सुरतेला येऊन बाई माणुसकी विसरली, असं कुणी म्हटलं तरी चालेल.

झालं असं की दिवाळीनंतर आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर काम करणारा माणूस, उजवा हात पार लुळा पडला. आता बोटं हलतात, कोपरापासून हात थोडा उचलला जातो... पण व्यायामाचं नाव काढलं की तोंड भिंतीकडे.

कारण भेटायला येणारा प्रत्येक जण केळी ठेवतो आणि म्हणतो, "अरेरे, हात गेला!" गेला म्हणजे? कुठं गेला? सगळे असंच म्हणायला लागले की ज्याचा हात आहे त्यालाही ते खरं वाटतं. "गेलेल्या हाताला कशाला मालिश?" असं हे म्हणाले, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

डॉक्टरांनी तर हिंदीत स्वच्छ सांगितलं होतं, "कमजोर है, खतम नहीं." आमच्या जालन्याकडे याला अधू म्हणतात. माझे मामा पायानं अधू होते, तरी आठवडी बाजार पायीच करायचे. अधू म्हणजे कमी चालणारा... चालणारा तर आहे ना!

मग मी जाहीरच केलं, या घरात जो "हात गेला" म्हणेल त्याला चहा नाही. सासूबाई रुसल्या, नणंद फोनवर हसली. मी ढिम्म हलले नाही.

तर रविवारी ह्यांच्या लूमवरचे दत्तूभाऊ आले. बसायच्या आतच, "वहिनी, हात गेला म्हणे?" मी गॅस बंद केला. आता चांगलं सुनावणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "गेला नाही, दत्तू. अधू झालाय. सुधारतोय."

हे बोलले होते! मी पाठमोरीच उभी राहिले. डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते.

मग दत्तूभाऊंना चहा दिला, काय करणार! निघताना त्यांनी हात जोडले. ह्यांनी डावा हात उचलला... थांबले... आणि उजवा हळूहळू वर यायला लागला. थरथरत, तिरका, पण छातीपर्यंत आला आणि डाव्याला जाऊन टेकला.

"रामराम," म्हणाले. झटका आल्यापासून पहिल्यांदाच, दोन्ही हातांनी.