इंजिन थंड होईपर्यंत

नागपूरच्या माणसाला पाण्याचं वेड लागावं हीच मुळात चमत्कारिक गोष्ट. आमच्या ह्यांचं सगळं नोकरीचं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. वर्षातले बरेच महिने हे समुद्रावर आणि मी रामदासपेठेतल्या घरात. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचे त्या पाण्यातून. तर ह्यांनी जुनी यॉट घ्यायचं खूळ काढलं. यॉट म्हणजे आत झोपायला खोली असलेली मोटरबोट. भंडाऱ्याच्या पुढे धरणाचं पाणी पसरलंय, तिथे ठेवायची आणि मनात आलं की जाऊन राहायचं.

मी कधी फारसं मनावर घेतलं नाही. हे अधूनमधून कुठलीतरी बोट शोधायचे, फोनाफोनी करायचे, बघून यायचे आणि खोट काढून सोडून द्यायचे. जुन्या वस्तूत खोट काढायची ह्यांना एवढी हौस की आमच्याकडे साधा जुना कूलरही कधी आला नाही.

मग दम लागायला लागला. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, ह्यांना बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. फुप्फुसांचं होतं, आणि खूप पुढे गेलेलं होतं. पुण्यात असलेल्या आमच्या मुलाशी फोनवर बोलले. तो म्हणाला, बाबांना कळू द्यायचं नाही, हाय खातील. मीही हो म्हटलं. आमच्या घरात हीच रीत. माझ्या सासऱ्यांनाही शेवटपर्यंत साधं इन्फेक्शन आहे असंच सांगितलं होतं, आणि सांगणारे हेच होते.

पोळा झाल्यावर ह्यांनी पुन्हा एक यॉट शोधली, आणि ह्या खेपेला मी चक्क मागे लागले. चला, बघून येऊ, बरी असली तर घेऊनच टाका. ह्यांनी जरा रोखून पाहिलं माझ्याकडे. माझा हिशेब वेडा होता, पण तेव्हा मला तो खरा वाटत होता. जो माणूस बोट घेतो तो ती चालवायला जगतो. ह्यांनी बोट घ्यावी, एवढंच मला हवं होतं.

गाडी मी चालवली. बोटीचे मालक एक वयस्क कंत्राटदार, भला माणूस. गुडघे गेल्यामुळे त्यांना ती झेपत नव्हती. पांढरी बोट काठाला बांधून ठेवली होती. हे धापा टाकत टाकत तिच्यावर चढले, पण एकदा चढल्यावर वेगळेच झाले. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून पाहिलं. आवाज टणक आला तर ठीक, भद्द आला तर आत पाणी मुरलंय, असं मला सांगत होते. ताजा रंग कुठे मारलाय ते बघितलं, कारण रंग मारतात तो काहीतरी झाकायला. खाली इंजिनाच्या कप्प्यात उतरणं मात्र त्यांना जमणार नव्हतं, म्हणून मला उतरवलं. मी तळाला साचलेलं पाणी बघितलं, तेलाची पट्टी उपसून वर दाखवली. तेल दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नव्हतं.

"आता इंजिनवर हात ठेव वं. थंड आहे की गरम?"

चांगलंच गरम होतं. नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखं. मी तसं सांगितलं.

मालक ओशाळले. तुमच्यासमोर फजिती नको म्हणून सकाळीच चालू करून ठेवलं होतं, म्हणाले. हे चिडले नाहीत. थंड होऊ द्या, तोवर बसतो, एवढंच म्हणाले. मालक चहाचं बघायला घरी गेले.

आम्ही काठावर बाभळीखाली बसलो. हे सांगत होते, जुनं इंजिन नेहमी थंड असताना चालू करून बघावं, गरम इंजिन कोणाच्याही हाताने चालू होतं. मी हूं हूं करत होते. मग एकदम माझ्याकडे वळले.

"माह्या बाबाले आपण काय सांगतलं होतं, आठवते का तुले?"

मी हाताला लागलेलं इंजिनाचं तेल गवताला पुसायला लागले.

"मंग मले काय सांगून राहिले तुम्ही?"

मी सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, किती थोडा वेळ म्हणाले, सगळं. सांगताना इतकी रडले की शब्द धड फुटेनात. ह्यांनी मधे तोडलं नाही. पोराला माहीत आहे का, विचारलं. त्यानेच ठरवलं, मी म्हटलं. "शहाणा झाला," हे म्हणाले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, आपल्या बापाला ते सगळं कळत होतं, आणि कळूनही तो आपल्यासाठी फसल्यासारखा वागत होता.

मालक आले तोवर इंजिन थंड झालं होतं. पहिल्यांदा नुसतं खोकलं, मग पांढरा धूर सोडून चालू झालं आणि धूरही विरला. सुकाणू ह्यांनी घेतलं. आम्ही पार खोल पाण्यात जाऊन आलो. ह्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला बघवेना.

काठाला लागल्यावर ह्यांनी मालकांचा हात हातात घेतला. बोटीत काही म्हणता काही खोट नाही, म्हणाले. असं कुठल्याही जुन्या वस्तूबद्दल बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मालकांच्या देखतच मी म्हटलं, "मग घेऊन टाका ना."

"चालवन कोण? तुले तर पोहताबी येत नाही."

मालक दुसरीकडे बघत दोर बांधायला लागले.

परतीच्या वाटेवर भंडारा मागे पडलं तेव्हा हे म्हणाले, पोराले फोन लाव, आता ये म्हणा, दिवाळीची वाट पाहू नको म्हणा. मी गाडी कडेला घेऊन फोन लावला. मुलगा दुसऱ्याच दिवशी आला आणि राहिला. बापलेक गॅलरीत बसून तासन्‌तास बोलायचे, आणि आता कोणी कोणापासून काही लपवत नव्हतं. मधूनच हसण्याचा आवाज यायचा. मी मधे जायचे नाही.

दिवाळीला घरात मी आणि मुलगा, दोघंच होतो.