लाल पेट्रोल आणि अंबूवहिनींचं उलथनं

भोरच्या मोटारस्टँडवर आमच्या कंपनीचा एक काळा फळा टांगलेला असतो. एका सकाळी मी त्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, "आजपासून आमची मोटार उंची लाल पेट्रोलवर चालेल. पुण्यास अर्धा तास आधी पोहोचाल." खाली सही ठोकायचाही मोह झाला होता, पण आवरला. ते बरंच झालं. कारण त्या दोन ओळींपायी सावळाराम ड्रायव्हरच्या हातातलं चाक जवळजवळ गेलंच होतं.

कंपनी म्हणजे मानसिंगरावांची एक मोटार आणि तीन माणसं: मालक स्वतः, सावळाराम आणि मी. मी म्हणजे रायबा, तिकिटं फाडणारा, पेट्रोल आणणारा, इंग्रजी पाचवी पास कारकून. हे सांगतोय ती गोष्ट याच सालची, सन छत्तीसची. पेट्रोल डब्यांतून मिळतं आणि ते पुण्याहून आणायचं काम माझ्याकडे आहे. त्या खेपेला दुकानदारानं माझ्या हातात एक छापील कागद दिला. इंग्रजी कागद हातात पडला की तो वाचल्याशिवाय मला राहवत नसे, आणि वाचला की खरा मानल्याशिवाय राहवत नसे. कागदावर एक मोटार डोंगर चढत होती, आतली मडम हसत होती. पेट्रोल रंगानं लाल. साध्यापेक्षा गॅलनमागं दोन आणे जास्त. मालकांना न विचारता मी साध्याऐवजी लाल पेट्रोलचे आठ डबे उचलले.

अगदीच कारण नव्हतं असं नाही. दोन महिने आमची मोटार कात्रजच्या घाटात ठोके देत होती. चढ लागला की इंजिनातून टक-टक-टक, जसं कुणी आतून पत्र्यावर खडे मारतंय. ड्रायव्हरच्या हातातल्या चाकाखाली एक बारकी दांडी होती. ती पुढं ढकलली की इंजिनात ठिणगी लवकर पडायची, मागं ओढली की उशिरा. ठोका आला की सावळाराम दांडी मागं घ्यायचा. ठोका थांबायचा, पण त्याबरोबर गाडीचा जीवही जायचा. मग बोगद्याअलीकडच्या दोन वळणांना उतारू खाली. पुढं मोटार, मागं बोचकी घेतलेली चौदा गिऱ्हाइकं. बघणाऱ्याला वाटावं, पैसे देऊन मोटार पोचवायला निघालेत.

डबे बघून मानसिंगरावांनी आधी तोंड उघडलं ते मला हासडायला. पण फळा वाचून दुसऱ्या मोटारीत बसलेली तीन माणसं उतरून आमच्याकडे आली, आणि मालकांचं तोंड तसंच हसण्यावर गेलं.

"रायबा, शिकल्याचा उपयोग झाला म्हणायचा. भाडं एक आण्यानं वाढव."

सावळाराम चाकावर बसला होता. तो नुसता म्हणाला, "अर्दा तास? कुठनं काढनार तो?"

"पेट्रोलमधनं," मी म्हणालो.

"बरं."

त्या दिवशी मी मुद्दाम पुढं, त्याच्या शेजारी बसलो. घाट लागला. ठोका नाही! चार वळणं गेली, इंजिन गप्प. मी त्याच्या कानाशी लागलो, "येतंय का काही ऐकू?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? खोकला थांबला. दम कुठं आलाय?"

आणि खरंच, नेहमीच्या वळणाला गाडीनं मान टाकली. उतारू खाली उतरले, फक्त एक सोडून सगळे निमूट. ही कोंडाबाई, वेल्ह्याकडच्या डोंगरातली धनगरीण, दर आठवड्याला तुपाचा डबा घेऊन पुण्याला जाणारी. ती चालली, पण पुण्यात पोचल्यावर माझ्यापुढं हात पसरून उभी राहिली. आम्ही पाच मिनिटं आधी पोचलो होतो.

"माजा अर्दा तास दे."

"म्हणजे?"

"आना घेतलास न्हवं त्येचा? एक तर तास दे, न्हाईतर आना. माप कमी द्यायला म्या तूप इकत न्हाई, तू का इकतोस?"

सगळे उतारू हसले, आणि मग सगळ्यांनीच हात पसरले.

ही बातमी भोरला आमच्या आधी पोचली असावी. मानसिंगराव स्टँडवर वाटच बघत होते. त्यांचा हिशेब सरळ होता. तेल उत्तम. गाडी तीच. मग उरला कोण? चालवणारा. मालकांचा मेव्हणा भिमा नुकताच पुण्याला मोटार शिकून आला होता. पायांत बूट, डोळ्यांवर धूळ अडवायचा चष्मा. "येत्या एक तारखेपासून भिमा चालवील," मालक म्हणाले, "फळ्यावर लिहिलंय ते खरं करून दाखवायला पाहिजे."

सावळारामानं मडगार्डावरची धूळ पुसली, बैलाची पाठ पुसावी तशी.

इथं हा माणूस जरा सांगायला हवा. सावळाराम मूळचा कामथडीचा, शेतकऱ्याच्या घरचा. भाटघरचं धरण बांधायला निघालं तेव्हा तो तिथं दगड वाहायला गेला. तिथं एक लंगडा फिटर होता, त्याच्या हाताखाली पडला आणि दगडाची लॉरी शिकला. धरण पुरं झालं, कामकरी आपापल्या गावी गेले, पण सावळारामाच्या कानात शिरलेलं इंजिन काही बाहेर निघेना. त्यानं कामथडीची जमीन धाकट्या भावाच्या हवाली केली आणि मानसिंगरावांची मोटार धरली. वाचता येत नाही. मैलाच्या दगडावरचा आकडा त्याला कळत नाही, पण कुठल्या दगडाशी इंजिनाचा सूर बदलतो ते पाठ. गाडी चालवायची ती अनवाणी. मी एकदा वहाणांचं सुचवलं, तर म्हणाला, "वहान घालून बायकूचा हात धरशील का?" वहाण आणि हात यांचा मेळ मला अजून बसलेला नाही, पण त्याचं म्हणणं पटलं होतं.

चाक गेलं असतं तर त्याला कामथडीला जाऊन धाकट्या भावाच्या हाताखाली औत धरावं लागलं असतं. तसं त्यात कमीपणा काही नाही. पण ज्यानं आठ वर्षं चौदा माणसं घाटावरनं सुखरूप नेली, त्यानं "दादा, जरा बांधावर बसा, तुमाला जमायचं न्हाई" हे ऐकून घ्यायचं?

मडगार्ड पुसून झाल्यावर तो मालकांना म्हणाला, "मालक, मला एक दीस गाडी द्या. इंजिनाचं हेड खोलतो. मग साद्या तेलावर, भरल्या गाडीनं, एकबी मानूस खाली न उतरवता कात्रज चढतो. न्हाई चढली, तर एक तारखेची वाट कशाला? त्याच दिशी चावी भिमाच्या हातात."

"एक दिवस मोटार उभी? आणि हे दोन महिने आठवलं नाही का?"

सावळारामानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग नजर खाली घातली.

आता हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण लिहितो. दोन महिन्यांपूर्वीच त्यानं मला सांगितलं होतं, "रायबा, मालकांना सांग, आत काजळी धरलीय, एक दीस गाडी खोलाया पायजे." मला वाटलं, पठ्ठ्याला सुट्टी हवी असेल. मी सांगितलंच नाही. आणि तो गडी मालकांपुढं माझं नाव घ्यायला तयार नव्हता.

"त्यांनी सांगितलं होतं, मालक," माझ्या तोंडून निघून गेलं. "मीच तुम्हाला बोललो नाही."

मानसिंगरावांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "इंग्रजी पाचवी!" एवढंच म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत त्यांनी माझी सगळी शाळा घेतली. पण दिवस मिळाला. माझा एक दिवसाचा पगार कापून मिळाला.

दुसऱ्या दिवशी सावळारामाच्या अंगणात मोटार उभी राहिली. मी बढाईनं म्हणालो, "खरवडून काही होत नसतं. पेट्रोलच पाहिजे. गाडी चढली तर सांगा ते देईन."

"सांगा ते?"

"सांगा ते."

त्यानं पाणी सोडलं, नट काढले, आणि इंजिनाचं लोखंडी झाकण, म्हणजे हेड, आम्ही दोघांनी उचललं. आत बघतो तर, वर्षभर न घासलेल्या तव्याच्या बुडासारखी काळी, जाड, कडक काजळी.

"ह्यो तुझा ठोका," सावळाराम म्हणाला. "ह्या काजळीला निखारा धरतो. मग ठिनगी पडायच्या आदीच आतलं तेल भडकतं. दट्ट्या वर येतोय तवर वरनं दनका. चूल फुकायच्या आदीच पेटली तर हात भाजंल का न्हाई?"

"मग लाल पेट्रोलनं ठोका थांबला तो कसा?"

"त्ये दमानं भडकतं म्हून. गुन त्येवढाच. जास्त ताकद त्येच्यात न्हाई. आन आत हवा जायची वाट काजळीनं धरलीय, गाडीचा दम तितं कोंडतोय. धरनावर नवी मोटार हाय न्हवं, डागडुजीच्या कंत्राटदाराची? तिचा दाब लई. तिला ह्ये तेल लागतं, साद्यावर ती रडंल. आपली जुनी, दाब कमी. शर्यतीच्या खोंडाला सरकी चारावी, नांगराच्या बैलाला चारली तर त्यो काय पळत नांगरनार हाय?"

"पोळीला तूप लावलं की माणूस जोरात चालतो, असं आमच्या शाळेत..."

"तुमच्या शाळेत तूप कोन लावत हुतं?"

खरवडायला काय घ्यायचं? लोखंडी पत्र्यानं चरे पडतात, आणि चऱ्यात काजळी लवकर धरते. मऊ धातू हवा. सावळाराम घरात गेला आणि पितळेचं उलथनं घेऊन आला. मागोमाग त्याची बायको अंबूवहिनी, पिठाच्या हातांनी.

"अवं! त्ये माज्या म्हायेरचं हाय! थालीपीठ कशानं उलथू?"

"आज नुसतं कोरड्यास खातो, भाजी-आमटी."

"कोरड्यास कशासंगं खानार? मोटारीसंगं?" मग माझ्याकडे वळून, "आन तुमी वो, शिकलेले! कागद वाचून तेल आनता. त्या कागदावर उलथन्याचं काय लिवलं न्हवतं?"

"वहिनी, गाडी चढली तर नवं उलथनं माझ्याकडनं," मी म्हणालो. "तुमच्या समक्ष शब्द."

"आयकलंत न्हवं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आता चढवा गाडी. कशीबी चढवा."

दुपारभर आम्ही खरवडलं. म्हणजे मी खरवडलं आणि सावळारामानं "हितं ऱ्हायलं, तितं ऱ्हायलं" केलं. काजळी नाकात, कानात, दातांत. शेवटी सगळं रॉकेलच्या फडक्यानं पुसून त्यानं बोटाचं टोक फिरवलं, आणि हेड पुन्हा बसवलं. उलथनं मात्र मधोमध वाकलं होतं, हात जोडून उभं राहिल्यासारखं.

परीक्षेच्या दिवशी गाडीत चौदा उतारू, शिवाय मानसिंगराव पुढच्या बाकावर, हातात घड्याळ. टाकीत साधं पेट्रोल. भिमा बूट घालून मागच्या पायरीवर, चावी घ्यायला तयार. कोंडाबाई तुपाचा डबा मांडीवर घेऊन माझ्यामागं. कापूरहोळ, कामथडी, नसरापूरचा फाटा मागं पडला. कामथडीला सावळारामाचा भाऊ बांधावर उभा होता. सावळारामानं त्याच्याकडे पाहिलं नाही, भोंगा तेवढा वाजवला.

घाट आला. इंजिन दुसऱ्या गिअरला पडलं. सावळारामानं ठिणगीची दांडी पुढं ढकलली, आणखी पुढं. दोन महिन्यांत मी ती एवढी पुढं गेलेली पाहिली नव्हती. मी कान टवकारले. खडे नाहीत. नुसता भरलेला, एकसारखा घुमणारा आवाज. त्याचे अनवाणी अंगठे पेडलवर सावकाश हलत होते. नेहमीचं वळण दिसू लागलं तेव्हा सवयीनं चार माणसं बोचकी घेऊन उठली.

"बसा खाली!" सावळाराम ओरडला. आठ वर्षांत तो पहिल्यांदा उतारूंवर ओरडला असेल.

गाडी वळली. मंद झाली. मानसिंगरावांचा हात दाराच्या कडीवर गेला. सावळारामानं दांडी केसभर मागं घेतली आणि पुन्हा पुढं सारली, दळताना जात्यात घास टाकावा तशी, अंदाजानं. इंजिनानं आवाज बदलला, घेतलं, आणि मोटार चौदा माणसं, मालक, मेव्हणा, तूप आणि माझी लाज, सगळं घेऊन बोगद्यात शिरली.

अंधारात कोंडाबाईचा आवाज आला, "आज चालायचं न्हाई व्हय? मंग वहाना कशाला घातल्या म्या!"

पुण्यात मानसिंगरावांनी घड्याळ पाहिलं. नेहमीपेक्षा अठरा मिनिटं आधी. ते सावळारामाला काही म्हणाले नाहीत. भिमाला म्हणाले, "उतर, पायरी रिकामी कर." मालकांच्या तोंडून शाबासकी एवढीच निघायची.

परतताना सावळारामानं स्वतःहून एक लाल डबा टाकीत ओतायला लावला. "रायबाच्या मनात किंतू नगं." घाट उलट्या अंगानं चढलो. वेळ तोच, दोन मिनिटं जास्तच, पण ती दोन मिनिटं शिंदेवाडीच्या मेंढ्यांनी खाल्ली. उरलेले डबे भाटघरच्या कंत्राटदाराच्या ड्रायव्हरनं आनंदानं विकत घेतले. त्याच्या मोटारीला ते मानवतात. फळा मीच पुसला, आणि वाढीव आणा गेला. आता दर दोन-अडीच महिन्यांनी एक दिवस हेड खोलायचं असं मालकांनी ठरवलं आहे. ते वहीत मी लिहिलंय, चांगल्या अक्षरात, विसरू नये म्हणून.

अंबूवहिनींचं उलथनं मात्र अजून यायचंय. दर आठवड्याला पेट्रोल आणायला मी पुण्याला जातो. वाटेत पितळी भांड्यांची तांबटआळी लागते. पण डबे भरून होईस्तोवर गाडीची वेळ होते, आणि सावळाराम भोंगा वाजवायला लागतो. परवा त्याच्या घरी जेवायला होतो. वहिनींनी त्या वाकड्या उलथन्यानंच थालीपीठ उलथलं. त्याचे तीन तुकडे झाले, आणि तिन्ही माझ्या ताटात आले.

"घ्या," त्या म्हणाल्या, "अर्दा तास आदी झालंय."