फ्यूजकाकांचा टॉर्च

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, सगळी इमारत फ्यूजकाका म्हणायची. कुणाची इस्त्री तापेना, कुणाचा मिक्सर घुरघुरून बसला, की माणसं जिना चढून वर. दाजी चष्मा कपाळावर सारत म्हणायचे, "ठेव तिथे, बघतो." आणि चहा पाजल्याशिवाय कुणाला सोडायचे नाहीत. चहा अर्थातच ताईनं करायचा.

मी धाकटी. खालच्याच मजल्यावर राहते, आणि तोंडानं फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. दाजी माणूस सोन्यासारखा, पण इतका चिवट की माझं डोकं फिरायचं. एखादी वस्तू मेली हे त्यांना कबूलच नसायचं. माझा एक पंखा त्यांनी इतक्यांदा उघडला, इतक्यांदा उघडला, की शेवटी वैतागून मी तो भंगारवाल्याला देऊन टाकला. तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत! जिन्यात भेटले तरी भिंतीकडे बघत जायचे.

असल्या माणसाच्या बायकोचे डोळे जायला लागले.

काचबिंदू होता. दवाखान्यात ताईला मीच घेऊन गेले होते. डॉक्टरीणबाई सरळच म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपू या, पण तीही किती टिकेल सांगता येत नाही. मी तिथेच रडायला लागले. ताई नाही रडली. बाहेरच्या बाकावर बसून तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि गळ्याची शपथ घातली.

"ह्यांना सांगायचं नाही."

"अगं, नवरा आहे ना तो तुझा!"

"म्हणूनच. त्यांनी एकदा हात टेकले ना, की परत उठायचे नाहीत. मला ठाऊक आहे. नंबर वाढलाय म्हणू."

शपथ घातली म्हटल्यावर मी काय बोलणार? माझ्या तोंडाला कुलूप.

नंबर वाढलाय हे दाजींनी खरं धरलं. म्हणजे उजेड कमी पडतोय. झालं, हाताला काम मिळालं! स्वयंपाकघरातला बल्ब बदलला. ओट्यावर ट्यूब लावली. शिलाई मशिनच्या डोक्यावर एक दिवा, आणि कपाटात एक, दार उघडलं की आपोआप लागणारा. खिडकीपाशी भिंतीकडे तोंड करून त्यांचं टेबल होतं. त्यावर वाकलेली दाजींची पाठ आणि मागे पलंगावर बसलेली ताई, वर्षभर मी हेच बघत आले. एकेक दिवा लागला की ते मागे वळून विचारायचे, "आता?" आणि ती म्हणायची, "आता कसं लख्ख!" मग ते परत टेबलाकडे वळायचे. ताई त्या पाठीकडे बघत बसायची. "केस पार पांढरे झाले गं ह्यांचे," एकदा मला हळूच म्हणाली.

मग एक दिवस तिनं मला जिन्यात थांबवलं. "आता उजेडसुद्धा कळेना," म्हणाली.

"आता तरी सांग त्यांना, ताई."

"नाही म्हटलं ना!"

घर तिला पाठ होतं. बटण वाजलं की दिवा लागला असं धरायचं, पावलं ऐकून हसायचं, आवाज येईल तिकडे तोंड करायचं. कानांवर सगळं भागवत होती बिचारी. पण आमचा जिना भरदिवसाही काळोखाचा, आणि पायऱ्या झिजलेल्या. तिथे ती घसरली. गुडघा सोलवटला. दाजींनी खापर फोडलं ते घरातल्या जुन्या टॉर्चवर. "कसला मेला पिवळा उजेड! माणूस पडेल नाही तर काय? ह्यात एलईडी टाकतो."

"अहो दाजी, कोपऱ्यावरच्या दुकानात नवा मिळतो," मी म्हटलं.

"नवा कशाला? बॉडी बघ ह्याची. असली आता बनवत नाहीत."

एका मोडक्या खेळण्यातून त्यांनी पांढरा एलईडी काढला. टॉर्चचा जुना बल्ब फडक्यात गुंडाळून त्याची काच फोडली आणि खालची धातूची टोपी कोरून साफ केली. तीत एलईडी नीट बसेना, म्हणून त्याचे दोन्ही पाय, म्हणजे खालच्या तारा, कापून आखूड केले. मग बारकासा रेझिस्टन्स जोडून एक पाय टोपीच्या टोकाला आणि दुसरा कडेला डाग देऊन पक्का केला. दुपार झाली होती. मी त्यांच्या ओट्यापाशी चहा टाकत होते आणि तिथून घरातला काळोखा बोळ दिसत होता. टॉर्च घेऊन दाजी त्या बोळात गेले.

"अगं ए, इकडे ये जरा!" त्यांनी ताईला हाक मारली.

ताई आली. चौकटीला बोटं लावत आली, पण सहज लागल्यासारखी. दाजींनी भिंतीवर टॉर्च रोखला. "बघ हं!" म्हणाले आणि बटण खट्कन पुढे सरकवलं.

टॉर्च लागलाच नाही.

दाजींनी तो आपल्याकडे वळवून काचेत डोकावून बघितलं. ते काही बोलणार, तेवढ्यात ताईनं डोळ्यांवर हात आडवा धरला.

"अगं बाई! केवढा हा लखलखाट! डोळेच दिपले की हो माझे!"

दाजींनी बटण मागे घेतलं, परत पुढे केलं. खट्, खट्. बोळात काळोखच.

"आणि आता?" त्यांनी विचारलं.

"आता तर आणखीच वाढला! कसं काय केलंत हो?"

दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपला हात तिच्या तोंडासमोर हलवला, आधी लांबून, मग अगदी जवळून. ताई हसत होती, त्यांच्या खांद्याच्या जरा पलीकडे बघून.

"छान झालाय ना?" दाजी म्हणाले.

"झकास झालाय."

"बरं. जा, बस जाऊन." तेवढाही आवाज त्यांनी कुठून आणला, देव जाणे.

मग ते माझ्याकडे आले. "कधीपासून?" एवढंच विचारलं. मी सगळं सांगून टाकलं, दवाखाना, शपथ, गेल्या महिन्यापासून उजेडही कळत नाही ते, सगळं. मला वाटलं आता माझ्यावर ओरडतील. ताईची बाजू घ्यायला मी पदर खोचून तयारच होते. पण त्यांनी टॉर्चचं झाकण फिरवून तो दिवा बाहेर काढला आणि तळहातावर धरला.

"उलटा बसलाय," ते म्हणाले. "साधा बल्ब कसाही लावा, लागतो. ह्याला उलटंसुलटं असतं. लांब पाय अधिकचा, म्हणजे पॉझिटिव्ह. मी दोन्ही कापले, मग कुठला कुठला ते कळलं नाही."

त्यांनी दिवा मुठीत मिटला.

"मला सांगायला हवं होतं गं. तिला दिसत होतं तोवर तिच्यासमोर तरी बसलो असतो. सगळं वर्ष मी तिच्याकडे पाठ करून बसलो."

असला राग आला मला! ताईचा आला, त्या शपथेचा आला, घरभर लावलेल्या त्या मेल्या दिव्यांचाही आला. नाक पुसत मी गॅस बंद केला.

दाजी टेबलापाशी गेले. मला वाटलं, आता दिवा सुलटा करायला बसतील. त्यांनी टॉर्च तसाच ठेवला, खुर्ची ओढत पलंगापुढे आणली आणि तीत बसले.

"आज काम नाही का?" ताईनं विचारलं.

"नाही."

"मग काय करताय?"

"बसलोय."

ताईच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. मग तिनं हात पुढे केला, आणि तो नुसताच हवेत फिरला.

"कुठे?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत तिनं त्यांना हे कधी विचारलं नव्हतं.

"हा काय, समोरच आहे," दाजी म्हणाले आणि त्यांनी तिचा हात धरला.