टोपीच्या घडीतलं लग्न

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी झेंडूला पाणी देत होतो. त्याच्या पोरानं एवढंच सांगितलं की सकाळचा चहा पिऊन सोपान पडवीत आडवा झाला, तो उठलाच नाही. मी खोरं तिथंच टाकलं, डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या घडीतनं बोट फिरवलं. असली बातमी ऐकून कुणी छातीला हात लावतं, कुणी मटकन खाली बसतं... माझा हात घडीत गेला. त्याला कारण सोपानच. ते कारण आजवर आम्ही चौघांतच ठेवलं होतं. आता त्याला जाऊन महिना झाला, तर सांगून टाकतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही रडतखडत. पण लिहीन ते खरं लिहीन.

सोपानचा शिरूरला फोटोचा स्टुडिओ होता. आम्ही दोघं मांडवगणचे, एका पाटीवर लिहायला शिकलेलो. तो शिकला, मी नाही. रोलचा कॅमेरा होता तोवर मला त्याचा धंदा पटत होता. धुतलेला रोल उन्हात धरला की भुतासारखी का होईना, माणसं दिसायची. मग त्यानं नवा कॅमेरा आणला आणि नखाएवढं काळं कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं. म्हणाला, अख्खं लग्न मावतं ह्यात. मी उन्हात धरलं, उलटंपालटं केलं. काही दिसेना. मी म्हटलं, माणसं आत हायेत कशावरनं? तर म्हणतो, "तुझ्या डोक्यात काय हाय ते तरी कुठं दिसतंय, किसन्या? तरी आम्ही धरून चालतोच की." मी ते कार्ड मानलं नाही. आजही पुरतं मानत नाही.

खिशात तंबाखू-चुना असायचा, त्यानं एक कार्ड खराब झालेलं. तेव्हापासून भरलेलं कार्ड तो टोपीच्या घडीत ठेवी. बाकी लोक एसटीचं तिकीट ठेवतात तसं. टोपी मात्र त्याची बघत राहावी अशी. वहिनी भाताच्या पेजेची खळ घालून इस्त्री करायच्या. कोऱ्या टोपीशेजारी ठेवली तर कोरीच जुनी वाटावी. ह्या कडक टोपीनंच घात केला.

माझ्या नातीचं, सोनालीचं लग्न होतं. नवरदेव दौंडकडचा. हळदीपासून सप्तपदीपर्यंतचं सगळं एका कार्डात भरलं, ते सोपानच्या टोपीत गेलं. मग मानपान सुरू झालं. माझ्या पोरानं माईकवरनं सोपानचंही नाव पुकारलं आणि त्याच्या डोक्यावर मानाची टोपी चढवली. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात नारळ... त्यानं आपली टोपी त्याआधीच काढून शेजारच्या बाजेवर ठेवली होती. त्याच बाजेवर व्याह्यांकडच्या मंडळींना घालायच्या टोप्यांची चळत होती. पुढचं सांगायला नको. माझ्या नातीचं लग्न कुणाच्या तरी डोक्यावर बसून दौंडला गेलं, आणि आमच्या हातात राहिले नुसते पंगतीचे फोटो. जो तो तोंडात घास घेतलेला.

दुसऱ्या दिवशी सोपान बोडक्या डोक्यानं माझ्या दारात. म्हणाला, व्याह्यांना फोन लाव आणि टोप्या तपासायला सांग. मी साफ नाही म्हटलं. मुलीकडच्यानं घातलेल्या टोपीला परत हात लावायचा? पोरीला तिथं जन्म काढायचाय. चार बायका म्हणतील, हिच्या आज्यानं टोप्या मोजून घेतल्या. तेवढ्यात सोनालीचाच फोन आला. सासूबाई फोटो कधी येणार विचारतात, म्हणाली. सोपाननं माझ्या हातातनं फोन घेतला आणि तिला खरं ते सांगून टाकलं. सोपानला ती नाना म्हणायची, मला आप्पा. सगळं ऐकून म्हणाली, "नाना, आप्पांचा मान जाऊ देऊ नका. पण माझं लग्नबी आणा."

सोपान चहा अर्धा ठेवून उठला. म्हणाला, पूजेला जायचंच हाय ना आपल्याला दौंडला? मग झालं.

पूजेच्या दिवशी व्याह्यांच्या अंगणात त्यानं जाहीर केलं, की आमच्या भागात एक जुनी रीत आहे. लग्नानंतर मानाच्या टोप्या घालून सगळ्यांचा एक फोटो काढायचा. अशी रीत आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकली नव्हती. पण सोनालीनं आधीच घरात पेरून ठेवलं होतं, त्यामुळं मंडळी टोप्या घालूनच आलेली. ओळीनं उभी राहिली. सोपान एकेकापाशी जायचा, "जरा सरळ करतो पाव्हणं" म्हणायचा आणि टोपी नीट करता करता घडीतनं बोट फिरवायचा. ओळ संपली. माझ्याकडं बघून त्यानं हळूच मान हलवली. तेवढ्यात नवरदेवाचे मामा आले, डोक्यावर जुनीच मळकी टोपी.

मी भडकलो. नाटक नव्हतं ते, आम्ही कशाला आलोय हेच मी विसरून गेलो. "मामा, आम्ही घातलेली टोपी डोक्याला टोचती का?" मामा वरमले. म्हणाले, "तसं न्हाई आप्पा, लई कडक इस्त्रीची हाय. मळंल म्हणून ट्रंकेत ठिवली." कडक इस्त्री म्हटल्यावर सोपाननं माझं मनगट असं आवळलं, की वळ उठला. मामा आत गेले, टोपी घालून आले. सोपान पुढं झाला, टोपी सरळ केली, आणि त्याची मूठ मिटली ती मी पाहिली. तो फोटो माझ्या घरात भिंतीवर आहे. जरा हललेला आहे. काढणारा हसत होता.

सोनालीचं लग्न आलं, अक्षतांसकट, आणि खोटी रीतही मागं राहिली. व्याह्यांच्या पावण्यांत आता लग्नानंतर टोप्यांचा फोटो काढतात, आणि काढण्याआधी घरातला वडीलधारा प्रत्येकाच्या घडीतनं बोट फिरवतो. का, ते कुणालाच ठाऊक नाही. व्याही हे वाचतील, तर वाचू देत. टोपी मी परत मागितली नाही ती नाहीच.

सोपानचा दहावा घोडनदीच्या घाटावर झाला. दौंडहून ते मामा आले होते, दुखवट्याची टोपी घेऊन. त्यांनी ती सोपानच्या पोराच्या डोक्यावर घातली, सरळ केली, आणि घडीतनं या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. "रीत हाय," म्हणाले. बायकांत बसलेल्या वहिनींनी तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं हुंदका आला. पण खांदे कशानं हलत होते ते मला कळलं. मी जवळ गेलो, तर पदराआडून हळूच विचारलं, "आप्पा, घावलं का काई?"

मी पोरापाशी गेलो आणि त्याच्या टोपीतनं पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. न जाणो.