कडूबाईच्या खुब्याचा फोटो

ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. तोडायचं माझ्याकडं, मोळी बांधून गाडीत चढवायचं बायकोकडं, कडूबाईकडं. ढोकी भागात आम्ही बावीस हंगाम ऊस तोडला.

मोळी तीस-पस्तीस किलोची. इतर बाया ती डोक्यावर घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून सरळ चढत. शेवटचे आठ हंगाम कडूबाई आधी डावा पाय टाकी, मग उजवा त्याच्याजवळ ओढी. "खुबा दुखतो," म्हणे. गाडी भरायला वेळ लागे. मी टोळीसमोर तिला अंगचोर म्हणालो. एकदा नाही, आठही हंगाम.

गेल्या वर्षी बाजेवरून उठतानाच खुबा मोडला. सोलापूरला ऑपरेशन झालं. हाडाचा गोळा काढून धातूचा बसवला. काढलेलं हाड अभ्यासासाठी मागायला हर्षाली आली. मुलगी तेरखेड्याची, पुण्यात हाडांवर संशोधन करते. कडूबाईनं कागदावर अंगठा उठवला आणि म्हणाली, "न्या बाई. पर आत काय हाय ते ह्यांना दावा."

चार महिन्यांनी कडूबाई न्यूमोनियानं गेली. हर्षाली तरीही आली, लॅपटॉप घेऊन.

"साध्या एक्स-रेत हाडाची सावली दिसते, काका. आमच्या पुण्याच्या यंत्रात हाडातली केसापेक्षा बारीक काडीही दिसते."

हाड आतून जाळीसारखं होतं, जागोजाग विरलेलं. काड्यांवर गाठी होत्या. काडी तडकली की शरीर तिथं गाठ घालून ती सांधतं, असं तिनं सांगितलं. मी गाठी मोजू लागलो.

"संगणकानं मोजल्यात. साठच्या वर आहेत. मावशींनी मधे आराम कधी केला होता?"

"एक दिवस नाही. दुखत असंल का गं?"

"दुखणं फोटोत दिसत नाही. पण असं हाड घेऊन मोळी उचलणारी बाई खोटं कशाला बोलेल?"

शब्द टोळीसमोर वापरला होता, तो टोळीतच परत घ्यायला हवा. हर्षालीनं दिलेला फोटोचा कागद घेऊन मी इरम्माकडं गेलो. फळीवर कडूबाईच्या मागं तीच असायची. ती शेंगा फोडत होती.

"कडू अंगचोर नव्हती," मी म्हणालो आणि कागद पुढं धरला.

तिनं तो घेतला नाही. "आमाला ठावं व्हतं, दाजी. वर चढस्तवर ती ओठ चावायची. रगात यायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी ऐकनार व्हता व्हय? तुमाला यंत्र लागलं." तिनं शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. "बसा."

"नको. अजून चौघींकडं जायचंय."

"त्यास्नी बी ठावं हाय," इरम्मा म्हणाली. "तरी जावा."