रोवण्याच्या दिवसांत हरवलेली मुलगी

पोलिसांत असताना मी वाघाच्या तोंडातून पुरावा काढून आणला, असं माझे नातू गल्लीभर सांगत फिरतात. त्यांना ते मीच पढवलं आहे. पण सगळं आयुष्य ठाण्यांत घालवून अजूनही डोळ्यांसमोरून हलत नाही ते प्रकरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडच्या एका ठाण्यात नोंदवलेली साधी मिसिंग. त्यात खून नव्हता की दरोडा नव्हता. एका मुलीची कॉलेजातली सीट त्या दिवशी माझ्या ठाण्यातल्या घड्याळाला लटकली होती, आणि ठाण्यात ते एकाच बाईला ठाऊक होतं.

रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. पाऊस असा की आमच्या हवालदाराने व्हरांड्यात टोपीने मासोळी पकडली. आमच्या धानपट्ट्यात रोवणा एकट्या घराचा नसतो. आज गावातल्या बाया तुमच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, पऱ्हे म्हणजे रोपं लावतात, उद्या तुमच्या घरच्या बाया त्यांच्या बांधीत उतरतात. हे कुठेही लिहिलेलं नसतं, पण ते मोडणाऱ्याचं गावात राहणं अवघड होतं.

दुपारी एक शेतकरी जोडपं आलं.

"साहेब, पोट्टी पळाली जी," बाप म्हणाला. "बारावी झाली, अठराची आहे. सकाळी रोवण्याले जातो म्हणून निंगाली, बांधीवर पोचलीच नाई. आमचा रोवणा लोकाईनं करून देला, आता लोकाईचा आला तं आमची पोट्टी गायब! मी काय तोंड दाखवू?"

"काळजी पोरीची आहे की रोवण्याची?"

"दोन्हीची जी."

आईने रडायला सुरुवात केली. मी पुष्कळ रडणी ऐकली आहेत, पण हे असं की लॉकअपमधला सराईत चोरसुद्धा हमसू लागला आणि न विचारता त्याने दोन जुन्या चोऱ्या कबूल केल्या.

ठाणे अंमलदाराने डायरीत नोंद घेतली, वर्णन लिहिलं. चंद्रपूर आणि गडचिरोलीला वायरलेस गेला: मुलगी दिसल्यास थांबवून ठेवावी. मग मी माझ्या खबऱ्याला, बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्याला, फोन लावला.

"पाह्यली ना साहेब. चंद्रपूरच्या गाडीत बसली. पण नाल्यावरून पाणी चालू आहे, गाडी सकाळपासून तिथीच अडकली होती, आता निंगाली असन. संग एक जवान पोट्टा होता. तिची बादली त्यानंच वर चढवली."

बाप उसळला. "तोच! त्यानंच पळवली!"

मी खबऱ्याला विचारलं, "कपडे कसे होते त्याचे?"

"खाकी."

"गळ्यात बॅग? हातात तिकिटाची मशीन?"

"होय जी, तुमाले कसं कळलं?"

"अरे बाबा, तो कंडक्टर होता!"

पण माझं डोकं बादलीत अडकलं होतं. पळून जाणाऱ्या मुली मी शेकड्याने, नव्हे हजारांनी शोधल्या आहेत. कोणी पैंजण नेते, कोणी नवा ड्रेस, मोबाइलचा चार्जर तर सगळ्याच नेतात. प्रियकराकडे बादली घेऊन जाणारी मुलगी महाराष्ट्र पोलिसांच्या इतिहासात झालेली नाही. बादली नेतो तो आंघोळीला रांग लावणारा, म्हणजे होस्टेलवाला. मी वळून पाहिलं. आईचं रडणं थांबलं होतं आणि ती घड्याळाकडे बघत होती.

महिला शिपायाला सोबत घेऊन तिला आतल्या खोलीत बसवलं, चहा दिला.

"बाई, किती वाजेपर्यंत रडायचं ठरवून आलात?"

तिने पदराने तोंड पुसलं. पदर कोरडाच राहिला. "पाच वाजू द्या ना जी साहेब. तिचा नर्सिंगले नंबर लागला, चंद्रपूरले, सरकारी कॉलेजात. आज पाचच्या आत ओरिजिनल कागदं दाखवले नाई तं सीट दुसऱ्याले जाते. हे म्हणत, रोवणा होऊ दे, मंग पाहू. कॉलेज का आमच्या रोवण्यासाठी थांबते? मीच देली बसवून."

"मग ठाण्यात काऊन आल्या?"

"हे तक्रार द्याले निंगाले. यायले एकटं सोडलं असतं तं तुमी लवकर कामाले लागले असते, म्हणून संग येऊन रडून येळ काढला."

तेवढ्यात चंद्रपूरचा फोन आला. मुलगी सापडली, बसस्टँडच्या चौकीत बसवली आहे, घरच्यांना न्यायला पाठवा. घड्याळात साडेचार वाजत होते.

"चाला, घेऊन येऊ," बाप उठला.

बाई दारात उभी राहिली. "तिले आज वापस आणलं तं मी बांधीत पाय ठेवणार नाई. आज नाई, पुढंबी नाई."

बाप माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "मुलगी सज्ञान आहे भाऊ. तिच्यापुढे माझा कायदाही चालत नाही, तुमचा कुठून चालेल?" आणि फोनवर सांगितलं, "जीपमध्ये बसवा आणि कॉलेजात पोचवा. जबाब मग घ्या. सायरन लावा."

जीप अशी सुटली की वाटेतल्या गाई आपणहून फूटपाथवर चढल्या. बादलीसकट मुलगी पोलिसांच्या गराड्यात आत शिरली तेव्हा अख्ख्या ऑफिसने उभं राहून सॅल्यूट ठोकला. चंद्रपूरचा हवालदार म्हणतो, क्लार्कने फक्त 'अटक कोणाला करायची आहे?' एवढंच विचारलं. पण तो कमी बोलणारा माणूस.

पाचनंतर मुलीचा फोन आला. "बाबा, झाली अॅडमिशन."

बाप म्हणाला, "जेवली का?"

दुसऱ्या दिवशी मिसिंग बंद करायला मी गावात गेलो. बाप बांधावर मान खाली घालून उभा होता. बायांची म्होरकी चिखलातूनच ओरडली, "भाऊ, पोट्टी शिकाले गेली ना, तिच्या हाताचं काम आमी भरून काढतो. पण साहेब, तुमच्या चौकशीपायी तिच्या मायचा काल अर्धा दिवस बुडाला. तो कोण भरन?"

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरलो. माझी ओळ बघून बाया इतक्या हसल्या की बांधावरचे बगळे उडाले. ती ओळ त्यांनी उपटून पुन्हा लावली.

ती मुलगी आता गडचिरोलीकडे सरकारी दवाखान्यात नर्स आहे. घरात दर महिन्याला पगार आणणारी ती पहिलीच, आणि धाकट्या भावाच्या कॉलेजचं तीच बघते. गावात तेव्हापासून रिवाज पडला आहे: अॅडमिशनला गेलेल्या मुलीची रोवण्याची पाळी बाकीच्या बाया वाटून घेतात. मी तोवर समजत होतो की गरिबाच्या मुलीचं शिक्षण पैशांपायी अडतं. त्या दिवशी कळलं की कधी कधी ते फक्त एका दिवसापायी अडतं, आणि तो दिवस तिला कोणीतरी काढून द्यावा लागतो. जुलै लागला की मला ती बांधी आठवते, आणि गुडघे दुखत असूनही पुन्हा उतरावंसं वाटतं.