जयराम गुरव आणि बिनशिक्क्याचा साहेब

जयराम गुरवाचा या जगात एकाच माणसावर विश्वास होता, तो म्हणजे स्वतः जयराम गुरव. आणि तोही सकाळचा चहा झाल्यावर. दुधात पाणी असतं हे सगळ्यांनाच माहीत, पण जयरामला पाण्यातही काहीतरी घातलंय असं वाटे. बायको शेवंतीने न मागता दुसरी भाकरी वाढली तर तो आधी तिच्या तोंडाकडे बघे आणि विचारी, "काय गो, माहेराक जावचा आसा?" बिचारीला बहुतेक वेळा खरोखरच जायचं असे, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसाच्या हाती गावाने रवळनाथाचा कौल सोपवलेला. म्हणजे गाऱ्हाणं घालायचं जयरामने, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या जयरामने, आणि उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे मान खाली घालून सांगायचं तेही जयरामनेच. पाकळी किती ओली लावली की कधी गळते, हे त्याच्या बोटांना माहीत आणि देवाला माहीत. आम्हा शेजाऱ्यांना फक्त संशय.

या चाकरीबद्दल त्याच्या आज्याला गावाने खाडीकाठी दोन कुणगे भातजमीन दिली होती. त्याच्या घरात वर्षभर जो तांदूळ शिजे तो तिथलाच. दुसरी जमीन नाही, मुंबईत कोणी नाही, पैसे यायची वाट नाही. मोठी भरती आली की खारं पाणी कुणग्यांच्या कडेला येऊन चाटून जाई आणि जयराम बांधावर उभा राहून समुद्राकडे असा बघे, जणू समुद्राने नुकतंच काहीतरी चोरलंय.

आमचा जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. सरकारने आमच्या खाडीला खारं पाणी अडवणारा खारबांध घालायचं मनावर घेतलं आणि बांध कुठून न्यायचा हे बघायला एक माणूस पाठवला. नाव देशकर, गाव नागपूर, शिक्षण पाण्याचं आणि मातीचं, वय तिशीच्या आतबाहेर. एका संशोधन संस्थेतला हा इंजिनियर फेलोशिप का काय घेऊन वर्षभरासाठी जिल्ह्याच्या कचेरीत बसला होता. शास्त्र शिकलेल्या माणसांनी सरकारात जरा बसावं, साहेबलोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी ती योजना. हे त्याने सत्यवानाच्या चहाच्या दुकानात सरळ मनाने सांगितलं, तिथेच चुकलं.

"म्हणजे तुमी साहेब नाय?" सत्यवानाने विचारलं.

"नाही."

"क्लार्क?"

"नाही हो."

"शिक्को तरी आसा?"

"शिक्का नाही. सहीचाही अधिकार नाही. मी फक्त अभ्यास करून सांगायचं."

सरकारी माणूस, आणि सही नाही, शिक्का नाही, मागे शिपाई नाही, काही मागतही नाही! चहाचे पैसे स्वतः देऊन तो बाहेर पडला तेव्हा सत्यवान म्हणाला, "फेलो म्हणजे परीक्षेत फेल झालेलो आसतलो." पण हसलं कोणी नाही. साधा वेष घेऊन आलेला मोठा अधिकारी असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

त्याला राहायला जयरामची पडवी मिळाली, कारण दुसऱ्या कोणी दिली नाही. झालं! गाव म्हणायला लागला, गुरवाने माणूस बांधून ठेवला. गावचा मानकरी महादू राणे, अर्धा खाडीकाठ ज्याच्या मालकीचा, तो देवळाच्या पायरीवर बसून ओरडला, "काय रे गुरवा, बांध तुज्या न्हाणयेपासून घेवन जातलंस काय?"

जयरामच्या मनात तेच होतं, फक्त न्हाणीपासून नाही, कुणग्यांच्या खालून. बांध खालून गेला तर त्याची जमीन आत, वरून गेला तर बाहेर, आणि बाहेर म्हणजे कायमची खारात. तेव्हा पहिल्या रविवारी त्याने शेवंतीला कोंबडी-वडे करायला लावले. देशकर हात जोडून म्हणाला, "मी मांस-मच्छी खात नाही." दुसऱ्या दिवशी शेवंतीने काजूची उसळ केली. ती त्याने मिटक्या मारीत खाल्ली आणि शेवंतीच्या हातावर जेवणाचे पैसे ठेवले.

जयरामला रात्रभर झोप नाही. "पैसे दिल्यान गो! ह्यो माणूस आमचो मिंधो ऱ्हवाक तयार नाय. कायतरी वायट करूचो आसा म्हणान."

"की बरो माणूस आसा," शेवंती म्हणाली.

"बरो माणूस कोंबडी-वडे सोडता?"

शेवंती कूस बदलून झोपली.

त्यानंतर जयराम साहेबाच्या मागावर राहिला. देशकर लोखंडी सळई चिखलात खुपसत खाडीकाठाने हिंडे, मातीचे गोळे पिशवीत भरी. जयराम माडाआडून बघे. सळई खालच्या बाजूला लोण्यात सुरी जावी तशी जाई, वरच्या बाजूला अडे. एका सकाळी साहेबाने लाल कापडाच्या काठ्या रोवायला सुरुवात केली. काठ्या वरून चालल्या होत्या. त्याचे दोन्ही कुणगे समुद्राच्या वाट्याला.

तो माडाआडून बाहेर आला. "साहेबानू, राण्यान किती दिल्यान?"

देशकर दचकला, मग बांधावर बसला. "जयरामभाऊ, खाली चिखल फार खोल आहे. तिथे बांध टिकणार नाही. दोन पावसाळ्यांत बसेल, मग तुमचंही जाईल आणि आतल्या सगळ्यांचंही. मी खोटं लिहू?"

"माजा जाता त्येचा काय?"

"मला एवढंच विचारलंय, की बांध वरच्या ओळीवर घ्यायचा की खालच्या. बाहेर राहतील त्यांचं काय करायचं, हे कोणी विचारलंच नाही."

"मगे तुमीच इचारा!"

"प्रश्न बदलायचा अधिकार मला नाही. अहवालाच्या शेवटी एक वाक्य लिहीन, की बाहेर पडणाऱ्यांना आत जमीन द्यावी. वाचतील की नाही, ते वरच्यांच्या हातात." मग त्याने विचारलं, "तुमच्या कौलाचं कसं असतं? काय विचारायचं ते कोण ठरवतं?"

"मानकरी सांगतत. पण गाऱ्हाणा घालूचा माका आसता. शब्द माजे."

"मग तुम्ही माझ्यापेक्षा मोठे," देशकर म्हणाला आणि सळई धुवायला खाली गेला.

जयराम तिथेच उभा राहिला. हा आपल्याला खुळ्यात काढतोय, की खरंच बोलतोय, हे त्याला कळेना. घरी येऊन शेवंतीला एवढंच म्हणाला, "ह्यो सरकारचो गुरव आसा गो. पाकळी लावता, पडली काय सांगता. देव वायलो, वर कचेरीत बसलेलो." आणि मग जेवला नाही. शेवंती घाबरली, कारण जयराम आजारीपणातसुद्धा जेवत असे.

पुढे कचेरीतून गावाची संमती मागणारं पत्र आलं. आमच्या गावात ग्रामपंचायतीचा ठराव आधी रवळनाथाकडे जातो, मग सरपंचाकडे. देवळात सगळा गाव जमला. देशकरही मागे खांबाला टेकून उभा. राणे पुढे, धुतलेला पंचा खांद्यावर. वरच्या ओळीने बांध गेला तरी त्याची सगळी जमीन आतच राहत होती.

"गुरवा, देवाक इचार, वरच्या वळीर बांध घालूचो काय. गोल गोल फिरू नको," राणे म्हणाला. मागून कोणीतरी पुटपुटलं, "आज डावी पडतली, बघा." जयराम पाकळी कोरडी लावणार की ओली, यावर पैजा लागल्या होत्या. जयरामने ते ऐकलं. तो राण्याकडे वळून म्हणाला, "पाकळये तुमीच भिजवा." राण्याने तांब्यात बोटं बुडवून, सगळ्या गावाला दिसेल अशा पाकळ्या भिजवून दिल्या.

जयरामने त्या लावल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव म्हणाला.

"तुजी लेकरा तुज्या पायाशी जमली आसत!"

"व्हय महाराजा!"

"खाडीचा खारा पाणी शेतात येता, ता थांबाक होया!"

"व्हय महाराजा!"

"म्हणान वरच्या वळीर बांध घालूचो इचार आसा!"

"व्हय महाराजा!" यात राण्याचा आवाज सगळ्यात मोठा.

"आणि जेंची जमीन भायर जातली, तेंका आतल्या मोठ्या जमीनदारांनी कुणग्याक कुणगो काढून दिवचो आसा!"

"व्हय महाराजा!"

झालं ते एवढंच. लहानपणापासून गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला जे तोंडून येतं तेच आलं. राण्याच्याही तोंडून, डोळे मिटलेले असताना. डोळे उघडले तेव्हा जयराम पुढे निघून गेला होता. "ह्या सगळा तुका मान्य आसात तर उजवी दी, महाराजा!" आणि राण्याने स्वतः भिजवलेली उजवी पाकळी टपकन खाली पडली.

राणे लाल झाला. "रे गुरवा! ता मधला मी सांगितलंलंय काय?"

"राण्यानू, तुमी देवासमोर व्हय म्हणालास. सगळ्या गावान आयकला," जयराम मान खाली घालूनच म्हणाला. "नको आसात तर परत गाऱ्हाणा घालतंय. काय सांगू देवाक? राणे फिरले म्हणान?"

देवळाच्या बाहेरसुद्धा कोणी हसलं नाही, पण सत्यवानाचा पंचा तोंडात होता.

ठराव तसाच झाला, आणि गंमत म्हणजे देशकरच्या अहवालातल्या शेवटच्या वाक्याशी तो तंतोतंत जुळला. मग काय विचारता! हे सगळं गुरवाच्या पडवीत शिजलं, नागपूरवाल्याने शब्द दिले, गुरवाने पाठ केले, असं गाव म्हणू लागला. काही जण तर म्हणाले, देव सोडून सगळे सामील होते. देशकरला विचारलं तर तो फक्त हसे, आणि हसणाऱ्या माणसावर आमच्याकडे कोणी विश्वास ठेवत नाही. वर्ष संपल्यावर तो गेला. जाताना शेवंतीने त्याला आमसुलं दिली. पैसे काढायला लागला तेव्हा जयरामनेच त्याचा हात धरला.

बांध झाला. जुने कुणगे खारवटले. आता तिथे बगळे उतरतात. राण्याने सरळ तोंडाने नाही, पण दोन कुणगे मोजून दिले. आपल्या सगळ्यात चांगल्या जमिनीच्या शेजारचे, हे जयरामला फार खटकलं.

नांगरणीच्या पहिल्या दिवशी तो त्या कुणग्यात उतरला, वाकून चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली. शेवंती बांधावर न्याहारी घेऊन उभी होती.

"काय, खारी आसा?"

"नाय," जयराम थुंकून म्हणाला. "गोडी आसा." मग राण्याच्या घराकडे बराच वेळ बघत राहिला. "पण इतकी गोडी कित्याक गो?"